तारपा थांबला तेव्हा

ज्यात त्यात प्रतीक शोधायची मला भारी खोड. देवळातली घंटा असो की बंदरावर उलटी घालून ठेवलेली होडी, मला तिचा काहीतरी अर्थ लागायचाच, आणि लागला की तो चारचौघांना सांगितल्याशिवाय चैन पडायची नाही. नवरा वैतागायचा. म्हणायचा, "अगं, होडी आहे ती. डांबर लावायला उलटी केलीय. चल आता, दूध नासेल." मी त्याला अरसिक म्हणायचे. २०१४ साली मी डहाणूच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले आणि या खोडीचा मला पगार मिळायला लागला. पगार तरी कसला, तासिका तत्त्वावरचा. सुट्टी लागली की बोंब. पण मसोलीतल्या घरून चालत जाता यायचं, आणि आज ना उद्या कायम करतील अशी आशा होती.

दुसऱ्या वर्षाला एक इंग्रजी कादंबरी होती, बेटावर अडकलेल्या शाळकरी मुलांची. गोष्ट तशी साधी. युद्ध चालू असतं, मुलांना घेऊन निघालेलं विमान पडतं आणि मोठं माणूस एकही वाचत नाही. मुलं आधी शहाण्यासारखी वागतात. त्यांना एक शंख सापडतो. तो ज्याच्या हातात असेल त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असा नियम करतात. एका चष्मेवाल्या पोराच्या भिंगानं जाळ पेटवतात, म्हणजे धूर बघून एखादं जहाज येईल. मग हळूहळू सगळं बिनसतं. काही मुलं तोंडाला रंग फासून डुकरांमागे लागतात, बेटावर कुठलासा राक्षस आहे अशी भीती पसरते, आणि एकदा नाचता नाचता बेभान होऊन ती आपल्यातल्याच एका पोराला मारून टाकतात.

मी फळ्यावर दोन रकाने आखायचे. शंख म्हणजे लोकशाही, चष्मा म्हणजे विज्ञान, जाळ म्हणजे आशा, रंग म्हणजे जंगलीपणा. मुलं माना खाली घालून उतरवून घ्यायची आणि परीक्षेत जशीच्या तशी ओतायची. कादंबरी कुणी वाचायचं नाही. माझीही हरकत नव्हती, कारण पास होत होती.

२०१६ च्या वर्गात एक मुलगी होती. सायवनच्याही पुढच्या एका पाड्यावरून एसटीनं यायची. तिच्या पाड्यावरून कॉलेजात आलेली ती पहिलीच. बोलायची कमी, पण माझ्या रकान्यांवर विचार करणारी ती एकटीच असावी. रंगाचं शिकवत होते तेव्हा उभी राहिली. "मॅडम, रंग लावल्यावर माणूस जंगली कसा होतो? आमच्याकडे लग्नात तांदळाचं पांढरं घेऊन भिंतीवर चौक काढतात. तेव्हा बाया गाणी म्हणतात, सगळे शहाण्यासारखे बसतात."

वर्ग हसला. मीही हसले. "अगं बाई, हे कादंबरीतलं आहे. परीक्षेत तुझ्या भिंतीबद्दल नाही विचारणार कुणी." ती बसली. चांगला प्रश्न होता, अगदी कादंबरीच्या वर्मावर बोट ठेवणारा, आणि मी तो हसण्यावारी नेला याचं मला त्या दिवशी काही म्हणजे काही वाटलं नाही.

दिवाळीनंतर प्राचार्यांनी बोलावलं. एकांकिका स्पर्धा होती; पहिली फेरी डहाणूत, अंतिम तलासरीला. "काहीतरी बसवा मॅडम. कॉलेजचं नाव होऊ द्या. तुमचंही बघू." हे 'तुमचंही बघू' माझ्या कानात असं काही घुसलं की घरी पोहोचेपर्यंत माझी अख्खी एकांकिका तयार होती. तीच बेटावरची गोष्ट, पण मराठीत, आणि आपल्या मातीतली! मुलं जंगली होतात तो क्षण आला की तांदळाच्या पिठाचे पांढरे पट्टे तोंडावर ओढायचे आणि तारप्यावर नाचायचं. तारपा म्हणजे वाळवलेला दुधी, त्यात बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब भोंगा. आमच्या आतल्या गावांतून भाताचं नवं आलं की तो वाजतो, आणि माणसं एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती फिरतात. त्याचा आवाज ऐकला की मला अंगावर काटा यायचा. मला वाटलं, बस्स, हेच पाहिजे.

मी काय करत होते ते एकदा स्पष्टच सांगते. ज्या मुलांच्या घरात सुगीच्या आनंदाला तारपा वाजतो आणि लग्नाला ते पांढरं भिंतीवर चढतं, त्याच मुलांना मी सांगत होते की हे तुमचं लावा, हे तुमचं वाजवा, म्हणजे लोकांना कळेल की आता तुमची माणुसकी संपली. एकानंही तोंडातून ब्र काढला नाही. मॅडम म्हणतात म्हणजे बरोबरच असणार! उलट खूश झाली, आपलं काहीतरी स्टेजवर येतंय म्हणून. त्यांचा तो उत्साह आठवला की आजही मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

कादंबरीत नाचातल्या त्या पोरानंतर पुढे चष्मेवालाही मारला जातो. मी वेळ वाचवायला एकच ठेवलं, चष्मेवाला. त्यासाठी अच्छाडचा एक मुलगा घेतला. त्याच्या वडिलांचं हायवेवर ट्रकचं पंक्चर काढायचं दुकान होतं. चष्मा त्याचा खराच होता, जाड काचांचा, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू; मराठी, गुजराती, हिंदी सगळं एकात एक. "मॅडम, मरताना आपल्याला डायलॉग छे के नुसतंच मरायचं?" मी म्हटलं, "तू गप्प मेलास तर प्रेक्षक उपकार मानतील." टोळीचा म्होरक्या झाला किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातला एक दांडगा मुलगा. बाकी नाचणारी आठ-दहा पोरं-पोरी, बहुतेक पाड्यांवरची. ती मुलगी त्यांच्यातच, रांगेच्या पुढच्या टोकाला.

तारपा वाजवणारा तिचा बाप होता. ही माहिती मी तिच्याकडून काढून घेतली आणि एका रविवारी एसटीनं तिच्या घरी जाऊन धडकले. उभा जन्म डहाणूत काढून मी सायवनच्या पुढे पहिल्यांदाच जात होते. बाप चिकूच्या वाडीत मजुरीला जायचा, घरचं थोडं भात होतं. तिच्या आईनं कोरा चहा दिला. तारपा घरात उंच टांगलेला होता. दिवाळी सरली होती, म्हणजे त्याचे वाजायचे दिवस संपले होते, आणि बापाच्या भावांना हे बाहेर नेऊन वाजवणं मुळीच पसंत नव्हतं. ते ओटीवर बसून माझ्याकडे बघतच नव्हते.

बाप मात्र पोरीकडे बघत होता. म्हणाला, "पोरीच्या कॉलेजचं काम हाय. येतो. फक्त एक हाय बाई. तारप्याला पाठ नाय दाखवायची. नाचणारा फिरतो तो तारप्याकडे तोंड ठेवून. पाठ दाखवली तर वाजवणाऱ्याला कुणी काय मानायचा?"

"छे छे काका, तुम्ही बिनधास्त राहा," मी म्हटलं. मला एसटी गाठायची होती.

मुलगी थांब्यापर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, "मॅडम, चुलत्यांचं न ऐकता बाबा हो म्हणाले. पाड्यावर तारपा त्यांच्याच हातात असतो. त्यांची मान खाली जायला नको." मी तिच्या पाठीवर थाप मारली. मनात मी प्रकाशयोजना करत होते.

तालमी मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या तारप्यावर झाल्या. आता स्टेजचं गणित असं, की वाजवणारा मागे, आणि चष्मेवाला पुढे, प्रेक्षकांजवळ. म्हणजे मारायला धावायचं तर नाचणाऱ्यांनी गर्रकन वळून तारप्याकडे पाठ करायलाच हवी. मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, पाठ होते." माझं डोकं फिरलं. "मग काय प्रेक्षकांना पाठ दाखवायची? परीक्षक काय तुमच्या पाठी बघायला येणार आहेत?" ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही बाबांना म्हणालात ना." मी म्हटलं, "तुझे बाबा विंगेत उभे राहतील. स्टेजवर नाहीतच म्हटल्यावर पाठ कसली आणि तोंड कसलं?" स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती परत रांगेत जाऊन उभी राहिली.

पहिल्या फेरीच्या दुपारी बाप धुतलेला सदरा घालून आला. तारपा जुन्या लुगड्यात गुंडाळून आणला होता. मी त्याला विंगेत उभं केलं आणि सांगितलं, मी हात वर केला की सुरू, खाली केला की बंद. त्यानं मान डोलावली. नाटक काय आहे ते मी त्याला सांगितलं नाही. कसं सांगणार होते? तुमचा तारपा वाजला की पोरं खुनी होतात, असं?

नाटक रंगलं. शंख फुंकला, जाळ पेटला, पोरांनी तोंडं पांढरी केली. मी हात वर केला. तारपा सुरू झाला आणि त्या सभागृहात बसलेल्यांच्या चुळबुळी बंद झाल्या. मोबाइलवरचा आवाज कुठे आणि हा कुठे! नाचणारी पोरं तर बदलूनच गेली. पावलं अशी काही पडायला लागली की फळ्या दणदणल्या. मग ठरल्याप्रमाणे ती गर्रकन वळली आणि काठ्या घेऊन चष्मेवाल्यावर तुटून पडली. तो किंचाळला.

आणि तारपा थांबला.

मी हात खाली केला नव्हता. माझा हात वरच होता. तारपा अजून वाजायला हवा होता, मार संपेपर्यंत. मी विंगेत दात-ओठ खात त्याच्याकडे बघितलं. तो तारपा छातीशी धरून स्टेजकडे बघत होता. स्टेजवर मात्र खेळ चालूच राहिला, त्या चिडीचूप शांततेत. नुसता काठ्यांचा आवाज, आणि त्या पोराचं ओरडणं. मग तेही थांबलं. पडदा पडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

परीक्षकांतले एक गृहस्थ भाषणात नुसते विरघळले. "तारपा थांबतो, आणि तिथेच माणुसकी थांबते! काय प्रतीक आहे! आणि तो मार, त्या मुलाचा आक्रोश, किती किती खरा!" आम्ही पहिले आलो. दिग्दर्शनाचं बक्षीस मला. स्टेजवर गेले तेव्हा त्यांनी माइक माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "हा थांबण्याचा क्षण कसा सुचला तुम्हाला?"

खरं सांगायला किती वेळ लागला असता? वाजवणारे काका आपणहून थांबले, मला माहीतही नव्हतं, इतकंच. पण मी म्हणाले, "तालमीत सापडला, सर." वर नम्र चेहरा. मुलगी माझ्या मागेच उभी होती, तोंडावरचं पीठ अर्धवट पुसलेली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली. त्या एका नजरेनं माझं अर्धं बक्षीस तिथेच गेलं. पण अर्धं शिल्लक होतं ना, आणि मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

काका का थांबले, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायची गरजच काय, मला माहीत होतं! पाठ फिरवली म्हणून थांबले. मी शब्द मोडला होता, आणि त्यांनी आपल्या परीनं निषेध केला होता. रीत आणि आधुनिकता, परंपरेचा मूक उद्गार, असलं काय काय माझ्या डोक्यात तयारही झालं होतं. घरी नवऱ्याला हे सगळं ऐकवलं. तो जेवता जेवता म्हणाला, "मग तू माफी मागितलीस का त्यांची?" मी म्हटलं, "तुला कलेतलं काही कळत नाही." आणि पान तसंच टाकून उठले, कारण त्याचं बरोबर होतं.

माफी राहिली बाजूला, मी पुढची पायरी गाठली. अंतिम फेरीला तो क्षण तसाच्या तसा हवा होता. म्हणजे मला त्या माणसाला सांगायचं होतं, की काका, तुम्ही मागच्या वेळी ज्या ठिकाणी अपमान होऊन थांबलात ना, त्याच ठिकाणी परत थांबा. बरोबर त्या किंचाळीवर. हे सांगायला मी सायवनला गेले नाही. तोंड होतं कुठे? मुलीच्या हाती निरोप दिला.

तिनं दुसऱ्या दिवशी गाठलंच. "मॅडम, बाबा येतात म्हणाले. पण तलासरीला चुलते पण येणार आहेत. टेम्पो करून पाड्यावरची सगळी येणार आहेत बघायला. त्यांच्यासमोर पाठ झाली तर बाबांना पुढच्या सुगीला कुणी विचारणार नाही. मॅडम, एवढं बदला. आम्ही बाजूनं जाऊन मारतो." तिचे डोळे भरले होते. पोरीनं कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते बापाची अब्रू. बदलायला जमलं असतं. एका संध्याकाळचं काम होतं. पण बाजूनं गेलं तर ती वळण्याची झेप गेली, झेप गेली तर शांतता फिकी पडणार, आणि शांतता गेली तर माझ्या हाती राहतं काय? "बघू," मी म्हटलं. तिला कळलं. प्राचार्यांचा 'बघू' मला कळायला वर्षं लागली होती. तिला माझा लगेच कळला.

तलासरीचं सभागृह भरलं होतं. मागच्या बाजूला पाड्यावरची माणसं बसली होती, बाया नवी लुगडी नेसून. चुलते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. मी हसले नाही, मला ओठ ताणता येईनात. एकदा वाटलं, जाऊन काकांना सांगावं, तुम्ही वाजवूच नका, मोबाइलवर भागवू. निदान त्यांच्या माणसांदेखत त्यांची शोभा व्हायची नाही. पण तेवढ्यात पहिली घंटा झाली.

सगळं ठरल्यासारखं चाललं. तारपा सुरू झाला. पोरं नाचायला लागली. मग रांग सुटली, पोरं गर्रकन वळली, काठ्या वर गेल्या, म्होरक्या पुढे झाला. चष्मेवाला आज किंचाळायच्या आधीच मागे मागे सरकत होता. मी काकांकडे बघत उभी होते. आता थांबेल. आता.

तारपा थांबला नाही. आवाज जवळ आला. काका वाजवत वाजवत विंगेतून बाहेर निघाले आणि थेट स्टेजवर! मी त्यांचा सदरा धरायला हात टाकला, तो रिकामाच राहिला. ते पोरांना वळसा घालून पुढे गेले, पोरांच्या आणि त्या चष्मेवाल्याच्या मधे जाऊन उभे राहिले, तोंड पोरांकडे, आणि वाजवतच राहिले. पोरांच्या काठ्या वरच्या वर राहिल्या. मग काका वळून चालायला लागले. त्यांच्या पोरीनं पहिली काठी टाकली आणि शेजारणीच्या कमरेत हात घातला. मग दुसरीनं, तिसऱ्यानं. लहानपणापासून पायांना सवय, तारपा निघाला की पाय मागे निघणारच. रांग जुळली आणि काकांच्या मागोमाग स्टेजला फेर धरत गेली. म्होरक्या एकटाच काठी उगारून उभा. त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि शेवटी काठी खाली ठेवून रांगेच्या शेपटाला लागला. चष्मेवाला मधोमध बसून राहिला, अख्खा, धडधाकट. पाड्यावरच्या माणसांनी मागून आरोळ्या ठोकल्या. परीक्षक एकमेकांकडे बघायला लागले. मी पडदा पाडायला सांगितला.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायलाच हवं. पडदा पडल्यापडल्या मी त्या पोरीवर तुटून पडले. सगळ्यांसमोर. "तुझ्या बापानं वाट लावली माझ्या नाटकाची! एवढी मेहनत मातीत घातलीत! उद्यापासून माझ्या तासाला दिसू नकोस." ती नुसती हुंदके देत उभी राहिली, पांढऱ्या तोंडावर ओघळ. मी आणखी बोलणार होते, माझ्यात भरपूर शिल्लक होतं. पण काका मधे आले, तारपा काखेत घेऊन.

"पोरीला नका बोलू, बाई. तिला नाय माहीत. मीच केला."

"का केलंत? पाठ दाखवली म्हणून ना? अहो काका, नाटक आहे हे!" माझा आवाज अजून चढलेलाच.

"पाठीचा काय नाय," ते म्हणाले. "पोरां हायत, वळतात. पाठीसाठी मी नाय थांबलो." मग जसं काही चूक त्यांचीच होती अशा आवाजात म्हणाले, "तेव्हा तो पोर खरा ओरडत होता. मला विंगेतून दिसत होता. यांना नाचात भान नव्हता, काठ्या खऱ्या पडत होत्या. मला वाटला, वाजवणं थांबवला तर ही थांबतील. नाय थांबली. तुम्ही पण तिथेच होत्या, म्हटला तुम्ही तरी थांबवाल. म्हणून आज म्हटला, थांबून काय उपयोग नाय. पोरांना घेऊनच जावा."

मी त्या अच्छाडच्या मुलाकडे वळले. दिवसभर ज्याचं तोंड बंद नसायचं तो खाली बघून चष्मा पुसत होता. मी त्याचा हात धरून बाही वर केली. कोपरापासून खांद्यापर्यंत जुने वळ होते, पिवळे पडत चाललेले.

"अरे, मला का नाही सांगितलंस?"

त्यानं हात हळूच सोडवून घेतला आणि बाही खाली केली. "जाऊ द्या ना मॅडम," तो म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही एवढ्या खूश होतात."